पगार १९ हजार, वीस तारखेला खिसा रिकामा. बचत सुरू करायची कुठनं?

सांगलीवाडीकर:

नमस्कार मंडळी. वय २७, कुपवाड एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. घरात आई-वडील आणि मी. वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत. बहिणीचं लग्न झालंय. आता माझ्यासाठी मुली बघायला सुरुवात झाली आणि परवा एका स्थळाकडच्या काकांनी सरळ विचारलं, "शिल्लक किती आहे?" मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न काय डोक्यातनं जात नाही.

पगार सात तारखेला, हातात १९,२०० येतात. आईला घरखर्चाला ७,००० देतो. गाडीचा हप्ता ३,१५०, तो अजून सव्वा वर्ष आहे. फोनचा हप्ता १,२९०, त्याचे दोनच राहिलेत. पेट्रोल २,२००, माझा आणि आईचा रिचार्ज ५५०, कंपनीबाहेरच्या टपरीवर चहा-वडापाव १,८००, रविवारी दोस्तांबरोबर १,५००.

बेरीज केली तर १७,४९० होतात. म्हणजे महिन्याला १,७१० उरायला पाहिजेत. उरत तर नाहीतच, वीस-बावीस तारखेला कुणाकडून तरी हजार-पाचशे उसने घ्यावे लागतात. दिवाळीला बोनस येतो, गेल्या वर्षी ९,५०० आला होता, तो उसने फेडण्यातच गेला. दारू नाही, तंबाखू नाही, जुगार नाही. मग पैसा जातो कुठं?

सल्ले भरपूर मिळालेत. कंपनीतले लोक म्हणतात दोन हजाराच्या भिशीत ये, दहा जण आहेत. मावशी म्हणते तिच्या ओळखीच्या पतसंस्थेत साडेनऊ टक्के व्याज आहे, तिथं टाक. मित्र म्हणतो एसआयपी, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम म्युच्युअल फंडात. पण मुळात टाकायला पैसेच नाहीत तर काय टाकू? सुरुवात कुठनं करायची तेवढं सांगा की.


पुण्यातला मिरजकर:

भावा, विचार करत बसू नको. उद्याच्या उद्या ५०० ची एसआयपी चालू कर, इंडेक्स फंडात. वय २७ आहे, तुझ्या हातात तीस वर्षं आहेत. टपरी बंद कर, घरून डबा ने, ते १,८०० पण त्यातच टाक. पतसंस्था, भिशी हे सगळं आपल्या वडिलांच्या पिढीचं झालं.


पिग्मीवाल्या काकू:

मी सांगलीत गणपती पेठ, मारुती रोड, टिळक चौक या भागात बरीच वर्षं पिग्मी, म्हणजे लोकांची रोजची छोटी बचत, दारोदार जाऊन गोळा केली. आधी पायी, मग लुनावर, शेवटी ते छापील पावतीचं मशीन गळ्यात अडकवून. आता गुडघ्यांमुळं घरी असते. त्यामुळं शेअर बाजारातलं मला विचारू नकोस, पण कमी पैशातला माणूस पैसे बाजूला कसे टाकतो आणि कसे टाकत नाही हे मी रोज काउंटरच्या या बाजूनं बघितलंय.

पहिली गोष्ट, वर ज्यांनी टपरी बंद कर म्हटलंय त्यांचं ऐकू नकोस. चहा बंद करून कुणाची शिल्लक झालेली मी बघितली नाही. आठ दिवस बंद होतो, नवव्या दिवशी दोन प्यायले जातात.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातली. एकाच रांगेतली दुकानं, एकाच तऱ्हेचा धंदा. मी सहाच्या आत गेले की पन्नास-शंभर हसत मिळायचे. तीच दुकानं आठला केली की, "काकू, उद्या या." गल्ला तोच. पण मधल्या दोन तासांत माल टाकणारा येऊन गेलेला असायचा, पोराला घरी किराण्याला पैसे दिलेले असायचे, कुणी हातउसने नेलेले असायचे. दुकानदार खोटं बोलत नव्हता, आठ वाजता त्याच्याकडं खरंच नसायचे. म्हणून मी माझी वाट उलटी केली. ज्यांच्याकडं पैसे टिकत नाहीत त्यांच्याकडं आधी जायचं, सराफ कट्ट्यावर शेवटी. तू वीस तारखेला खिसा चाचपतोस, म्हणजे तू आठ वाजताचा गिऱ्हाईक आहेस.

आणि लोक पिग्मी व्याजासाठी भरतात असं कुणाला वाटत असेल तर तसं काही नाही. व्याज किरकोळ असतं, मुदतीआधी मोडली तर तेही जातं, वर एजंटचं कमिशन कापून घेतात. ही पद्धत उडुपीला निघाली, पुढं जिचं नाव सिंडिकेट बँक झालं त्या बँकेनं १९२८ साली रोज दोन आणे घरोघरी जाऊन गोळा करायला सुरुवात केली. तेव्हापासून आजपर्यंत ती चालली ती एकाच गोष्टीवर, की माणूस दारात येऊन उभा राहतो. मी समोर उभी असायचे म्हणून लोक द्यायचे. मी चार दिवस आजारी पडले तर चार दिवसांचे पैसे कुणी साठवून ठेवलेले नसायचे.

आता तुझ्याकडं वळते. तू गाडीचा हप्ता कधी चुकवलास का? फोनचा? नाही ना. म्हणजे तुला महिन्याला साडेचार हजार बाजूला काढता येतात, आणि ते तू काढतोयस. फक्त ते फायनान्सवाल्यासाठी काढतोस. त्यामुळं "माझ्याच्यानं होत नाही" हे म्हणणं सोडून दे.

तिसरी गोष्ट. तुझा हिशेब महिन्याचा आहे आणि तुझा खर्च वर्षाचा आहे. त्या यादीत जत्रा कुठं आहे? गणपती? आहेर? गाडीचा विमा? भाऊबीज? हे तू "अचानक आला खर्च" या नावाखाली टाकतोस बहुतेक. दिवाळी अचानक येते का रे? कॅलेंडर भिंतीवर टांगलेलं असतं.

एक काम कर. एसआयपी, भिशी, पतसंस्था सगळं आठ दिवस बाजूला ठेव. आईजवळ बस आणि वर्षात एकदा किंवा दोनदा येणारे खर्च लिहून काढ. आईजवळ म्हणते, कारण तुला निम्मे आठवणार नाहीत. आकडे इथं टाक, मग बोलू.


सांगलीवाडीकर:

काकू, बसलो आईजवळ. तिनं पहिला प्रश्न केला, "कुणी शिकवलं तुला हे?" मग भराभरा सांगत सुटली. मी फक्त लिहीत होतो.

गाडीचा विमा आणि दोन सर्व्हिसिंग मिळून ३,४००. गावाकडं जत्रा असते, आमचं मूळ गाव तासगाव तालुक्यात, तिथं पाहुणे, मटण, बहिणीला साडी, माझ्या वाटचे ४,०००. गणपतीला मंडळाची वर्गणी आणि घरचा गणपती २,५००. दिवाळी ६,०००. लग्नाचे आहेर वर्षभराचे ४,५०० (उन्हाळ्यात एकेका आठवड्याला तीन तीन पत्रिका येतात). राखी, भाऊबीज आणि भाचीचा वाढदिवस मिळून ३,०००. पावसाळ्यात रेनकोट-बूट १,२००. आईचा चष्मा आणि औषधं माझ्याकडं, २,४००. माझे कपडे-चपला ३,५००.

सगळी बेरीज ३०,५००. बघून मी गार पडलो. बारानं भागलं तर महिन्याला २,५४० च्या आसपास येतं.


पिग्मीवाल्या काकू:

शाब्बास. आता हे दोन आकडे शेजारी ठेव. महिन्याला उरतात १,७१०, वर्षाच्या खर्चाला लागतात २,५४०. तूट ८३० ची. बारा महिन्यांची तूट दहा हजाराला थोडी कमी. आणि तुझा बोनस किती होता? ९,५००. तो कुठं गेला म्हणालास? उसने फेडण्यात. पैसा कुठं जातो हे विचारत होतास ना, हे घे.

म्हणजे तुझ्या घरात उधळपट्टी कुणी करत नाही. तू वर्षभर स्वतःच्याच बोनसवर आगाऊ उचल घेतोस आणि दिवाळीला ती फेडतोस, एवढंच चाललंय. आमच्या यार्डातले हमाल अडत्याकडून उचल घेतात तसं. (तुझ्या वडिलांना विचार, दिवाणजी आहेत, त्यांच्या वहीत अशी पानंच्या पानं असतील.)

आता काय करायचं ते सांगते.

पोस्टात एक बचत खातं काढ. ५०० रुपयांत निघतं, व्याज ४ टक्के आहे, ते विसरून जा. महत्त्वाचं हे की त्या खात्याला फोनवरचं गुगल पे, फोन पे काहीही जोडायचं नाही. पैसे काढायचे तर खिडकीवर जाऊन स्लिप भरायला लागली पाहिजे. त्या खात्याचं नाव "वर्षाचं खातं". आठ तारखेला, म्हणजे पगाराच्या दुसऱ्या दिवशी, तिथं २,५४० गेले पाहिजेत. वीस तारखेला नव्हे, उरले तर नव्हे. जत्रा आली की तिथनं ४,००० काढायचे आणि ताठ मानेनं मटण आणायचं.

तुटीचे ८३० कुठनं आणायचे? टपरी आणि रविवार मिळून ३,३०० आहेत. त्याचे २,४७० कर. बंद कर म्हणत नाही. पण हा एवढाच खर्च रोखीनं कर. दर सोमवारी एटीएममधनं साडेपाचशे-सहाशे काढायचे, खिशाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवायचे, आठवडाभर टपरी आणि दोस्त त्यातनंच. टपरीवर स्कॅन करायचं नाही. बारा रुपयांचा चहा स्कॅन केला की गेलेला कळत नाही, शंभराची नोट मोडताना माणूस एकदा तरी थांबतो. बाकी पेट्रोल, रिचार्ज लिहून ठेवायची गरज नाही. रोजचा सगळा हिशेब लिही म्हणणारे भेटतील, पण मी वह्या पहिल्या पंधरा पानांच्या पुढं गेलेल्या फारशा बघितल्या नाहीत.

आता खरी गंमत दोन महिन्यांनी आहे. फोनचा हप्ता संपेल. त्या महिन्यात १,२९० मोकळे होतील आणि मोकळे झालेले कुणाला दिसणार नाहीत, ते पेट्रोलमध्ये आणि बिर्याणीत विरघळून जातील. सगळ्यांचे जातात. तर तसं होऊ द्यायचं नाही. हप्ता संपला तरी हप्ता चालू ठेवायचा. त्याच तारखेला, तेवढ्याच रकमेची, १,२९० ची पोस्टात आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची ठेव. सुरुवात म्हणतोस ती ही. पुढं सव्वा वर्षानं गाडीचे ३,१५० सुटतील, त्यांचंही हेच. तोवर तुझं लग्न ठरलं असेल तर ती आरडी लग्नाच्या नावानं कर.

आणि ८३० कमी करणं जमलंच नाही तर फोनच्या १,२९० मधनं ते भर, आरडी उरलेल्या ४६० ची कर. ४६० ची आरडी ही पण आरडीच असते. माझ्याकडं दहा रुपये रोज भरणारा एक चप्पल दुरुस्तीवाला होता. त्याचं कार्ड मुदत भरेपर्यंत कधी मोडलं नाही. शोरूमवाले मात्र दर मार्चला मोडायचे.

यंदाचा बोनस उसन्यात जाईल, जाऊ दे. पुढच्या दिवाळीचा बोनस पहिल्यांदा तुझा असेल.

एक राहिलं. सांगलीवाडीत राहतोस आणि पावसाळ्याच्या नावापुढं फक्त रेनकोट-बूट? २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पुराचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, २०२१ ला परत आलं. सामान हलवायला टेम्पो, पाहुण्यांकडं पंधरा दिवस, परत आल्यावर चिखल काढणं, गादी, मिक्सर. हे वर्षाच्या खात्यात धरू नकोस, कारण दर वर्षी येत नाही. याला वेगळी गाठ पाहिजे, पहिली वीस-पंचवीस हजारांची. पुढच्या बोनसनं तिची सुरुवात कर. तिला हात कधी लावायचा? पाणी ४० फुटांवर गेलं, म्हणजे इशारा पातळीला, की टेम्पोवाल्याला फोन करायला. ४५ ला धोका पातळी लागते आणि तोवर टेम्पोवाले दुप्पट मागतात, हे तुलाच जास्त माहीत.


पुण्यातला मिरजकर:

काकू, मानलं. पण एवढं सगळं झाल्यावर तरी एसआयपी करायला सांगाल ना? आरडीचं व्याज महागाईलाच पुरतं.


पिग्मीवाल्या काकू:

करू दे की, मी कुठं नाही म्हणते. पण आत्ता केली तर वैशाखात आहेरासाठी मोडेल, आणि नेमका तेव्हा बाजार खाली असला तर जन्मभर "शेअर बाजार म्हणजे सट्टा" म्हणत फिरेल. ज्या पैशाला पाच-सात वर्षं हात लागणार नाही असा पैसा आधी तयार होऊ दे.


बेदाणा सौदे:

तासगावकडचा आहे, द्राक्षबाग आणि थोडं बेदाण्याचं काम. काकूंचं पटलं, पण तुम्ही सगळे पगारवाल्यांचं बोलताय. आमच्याकडं महिना नावाची गोष्टच नसते. बेदाणा कोल्ड स्टोअरेजला ठेवायचा, भाव बघून सौद्याला काढायचा, पट्टी (विक्रीचा हिशेब आणि पैसे) आली की वर्षाचा पैसा एकदम हातात. त्यात औषधवाल्याची उधारी, मजुरी, सोसायटीचं कर्ज. त्यातनं राहिलेलं पट्टी आल्या दिवशीच बारा भागांत करतो, बँकेत बारा छोट्या ठेवी, दर महिन्याला एक पिकेल अशा. हा माझा पगार मीच मला देतो.

आणि भिशीला नावं ठेवू नका. आमच्या गावात बारा जणांची आहे, वडिलांच्या काळापासनं चालू. माझी पहिली ड्रिपची पाइप भिशीतनं आली. बँकेनं तेव्हा दारात उभं केलं नसतं.


पिग्मीवाल्या काकू:

बारा ठेवींचं छान आहे, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

भिशीला मी नावं ठेवत नाही. भिशी शरमेवर चालते आणि शरम ही फार ताकदीची गोष्ट आहे, पिग्मीपेक्षा जास्त. पण एक कळून घ्यायला पाहिजे. भिशीत पहिला नंबर लागला तर ते बिनव्याजी कर्ज, शेवटचा लागला तर ती बिनव्याजी बचत. तुम्हाला पाइप घ्यायची होती, तुम्ही लवकर उचललीत, तुमचा फायदा झाला. तो कुणीतरी शेवटच्या नंबरवाल्यानं दिला. या पोराला कर्ज नको, बचत पाहिजे, म्हणजे तो शेवटचा नंबर घेणार. मग दहा महिने तो बाकी नऊ जणांच्या नोकरीवर भरवसा ठेवून बसणार. एमआयडीसीत कंत्राटी पोरं महिन्याला बदलतात. गावात माणूस पळून जात नाही, त्याचं घर दिसतं. कंपनीतल्या माणसाचा तुला फक्त लॉकर नंबर माहीत असतो. आणि बोली लावून, पैसे कापून उचलायची भिशी असेल तर लांबच राहायचं. चिट फंडासाठी १९८२ चा कायदा आहे, त्यात नोंदणी लागते. कंपनीच्या गेटवर चालणाऱ्या भिशीला यातलं काही नसतं.

आता मावशीच्या साडेनऊ टक्क्यांचं. मी ज्या संस्थेसाठी पिग्मी गोळा करत होते ती शेवटी अडचणीत आली. लोकांचे पैसे मिळाले, पण हप्त्या-हप्त्यानं आणि उशिरा. मी त्यांच्याच पेठेत राहत होते, रोज दारात कुणीतरी यायचं. नाव लिहीत नाही. सगळ्या पतसंस्था वाईट असतात असं नाही, आमच्या जिल्ह्यात चांगल्या चाललेल्या भरपूर आहेत. फरक एवढाच की बँकेतल्या ठेवीला व्याज धरून ५ लाखांपर्यंत विमा असतो. फेब्रुवारी २०२० च्या आधी तो १ लाखच होता. सहकारी बँकांनाही तो लागू आहे. पतसंस्थेला नाही. ती सहकार कायद्याखाली नोंदलेली असते, रिझर्व्ह बँकेचा परवाना तिला नसतो. पाटीवर "बँक" लिहिलंय का "पतसंस्था" एवढं वाचायचं. दोन-तीन टक्के जास्त व्याज मिळतं ते याच गोष्टीचं. ज्याच्याकडं दहा ठिकाणी पैसे आहेत त्यानं एक ठिकाण तिथलं ठेवावं. तुझं पहिलंच ठिकाण आहे.


काउंटर नंबर चार:

मी साताऱ्यात एका बँकेत आहे, आरडीचे फॉर्म रोज हाताखालून जातात म्हणून थोडी भर घालतो.

पोस्टाच्या आरडीला सध्या ६.७ टक्के व्याज आहे, मुदत ५ वर्षं. १०० रुपयांपासून पुढं दहाच्या पटीत कितीही, त्यामुळं १,२९० चालतात. पाच वर्षांत ७७,४०० भरले जातील आणि हातात ९२ हजारांच्या आसपास येतील. पण लक्षात घ्या, तीन वर्षांच्या आत ती बंद करता येत नाही. त्यानंतर मुदतीआधी बंद केली तर बचत खात्याच्या दरानं व्याज मिळतं. बारा हप्ते भरल्यावर निम्म्या रकमेपर्यंत कर्ज मिळतं, ती एक सोय. हप्ता चुकला तर शंभराला एक रुपया दंड. सलग चार चुकवले की खातं खंडित होतं, मग ते दोन महिन्यांत परत चालू करून घ्यावं लागतं.

त्यामुळं माझं मत काकूंपेक्षा थोडं वेगळं आहे. पहिलं वर्ष बँकेची एक वर्षाची आरडी करा. पगाराच्या खात्यातून आपोआप वळती होईल अशी सूचना देऊन ठेवा. एक वर्ष पूर्ण झालेलं बघितलं की माणसाला चव लागते, मग पोस्टाची पाच वर्षांची.

दुसरं, पगारचिठ्ठी नीट बघा. तुमचा पीएफ कापला जात असणार, मूळ पगाराच्या १२ टक्के. म्हणजे बचत अगदीच शून्य नाही. त्याला सव्वाआठ टक्के व्याज मिळतंय, बँकेच्या आरडीपेक्षा जास्त. आधीच्या कंपनीतला पीएफ तिथंच पडून असेल तर तो या खात्यात वळवून घ्या, तेवढ्यासाठी काढून घेऊ नका. एकूण पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयही (कामगारांचा आरोग्य विमा) कापत असतील, त्यात तुमच्यावर अवलंबून असलेले आई-वडीलही येऊ शकतात, नावं घातलीत का ते बघा. आणि बँकेत वर्षाला २० रुपयांचा अपघात विमा आणि ४३६ चा जीवन विमा मिळतो, दोन्ही दोन-दोन लाखांचे. एका फॉर्मचं काम आहे. घरात तुमचा पगार हा मोठा आधार दिसतो, म्हणून म्हटलं.


सांगलीवाडीकर:

सगळ्यांचे आभार. पीएफचं बघितलं. आधीच्या कंपनीतले ३८ हजार पडून आहेत, मी ते धरलेच नव्हते. वळवायचा अर्ज टाकलाय. ईएसआयच्या कार्डावर आईचं नाव आहे, वडिलांचं नाही. त्यांना पगार असल्यामुळं बसतील का ते एचआरला विचारतो.

रोखीचं चालू केलंय. टपरीवाला म्हणाला, "काय ओ, नेट गेलं काय?" दोस्तांना खरं कारण सांगितलं नाही, यूपीआय बंद पडलंय म्हटलं. रविवारी बिल वाटून घेताना जरा अडचण होते. पहिल्या आठवड्यात शुक्रवारीच संपले.

आईनं मात्र कमाल केली. यादी झाल्यावर दुसऱ्या दिवशी म्हणाली, सात हजारांतले तीनशे ती बचत गटात भरते, गेली कित्येक वर्षं. आम्हाला कुणाला पत्ता नाही. वडील म्हणाले, "मला माहीत होतं." आता ती म्हणते गटातनं कमी व्याजानं कर्ज घेऊन तुझे उसने एकदम फेडून टाकू. घेऊ का? आणि काउंटर नंबर चार साहेब म्हणतात तशी बँकेची आरडी करू का काकू म्हणतात तशी पोस्टाची?


पिग्मीवाल्या काकू:

आईच्या गटातलं कर्ज घेऊ नकोस. उसने किती आहेत, सहा-सात हजार असतील. ते बोनसनं फिटतात, दर वर्षी फिटतातच आहेत. तिच्या नावावर कर्ज काढलंस की तिची पत तू वापरलीस, आणि उद्या पाणी आलं तर घरातलं तेच एक दार उघडं असेल. फार तर ज्यांचे उसने आहेत त्यांना सांग, दिवाळीला देतो. त्यांना ते पाठ आहे.

शुक्रवारी संपले तर शनिवारी चहा दोस्ताकडून पी. सोमवारपर्यंत एटीएमकडं जायचं नाही.

आरडीचं साहेबांचं ऐक. एक वर्षाची, बँकेची. मी पोस्ट म्हटलं ते सवयीनं, पण तीन वर्षं अडकणं तुला आत्ता परवडणार नाही, लग्न तोंडावर आहे. फक्त वळती होण्याची तारीख आठ ठेव. पगार सातला येतो म्हणून सात टाकशील आणि एखाद्या महिन्यात पगार संध्याकाळी जमा होईल, मग हप्ता परत जाईल. वर्षाचं खातं मात्र पोस्टातच, त्याला हात जरा लांब पाहिजे.


काउंटर नंबर चार:

एक सुधारणा. सातला रविवार किंवा सुट्टी असेल तर कंपन्या पगार कधी आधी, कधी नंतर करतात. तारीख दहा ठेवा, आणि खात्यात १० तारखेपर्यंत हप्त्याएवढे पैसे राहतील एवढं सांभाळा. पुढं पोस्टाची काढाल तेव्हा महिन्याच्या १५ तारखेच्या आत उघडली तर हप्ता दर महिन्याच्या १५ पर्यंत भरायचा असतो, १६ नंतर उघडली तर महिनाअखेरपर्यंत. तुम्ही पंधराच्या आतच उघडा. तुमच्याकडं महिनाअखेरीस काय असतं ते तुम्हीच वर लिहिलंय.


सांगलीवाडीकर:

साहेब, कळलं. दहा तारीख फायनल. काकू, त्या स्थळाकडच्या काकांचा परत फोन आला होता, पुढच्या रविवारी येतायत. पीएफचे ३८ हजार सांगितले तर चालतील ना?


पिग्मीवाल्या काकू:

सांग की. स्वतःचेच आहेत. आणि चहा-पोह्याचा खर्च आईच्या सातातनं करू नकोस.